खांद्याला गेज लावताना

मी २२ वर्षं मापं घेतोय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शॉपमध्ये हायड्रॉलिक पंपाच्या बॉड्या होतात. कास्टिंग मशीनवर चढतं, उतरतं आणि माझ्या टेबलावर येतं. व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर डायल, प्लग गेज ही माझी हत्यारं. दोन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं की ऑपरेटरशी माझं वाजतं. गेल्या पावसाळ्यात मात्र माझ्याच खांद्याचं माप पंचविशीतल्या एका मुलीनं नुसत्या हातानं घेतलं. 'नुसत्या हातानं' हे मी तेव्हा घरी येऊन जरा हिणवूनच सांगितलं होतं.

जुलैचा पहिला आठवडा, येळ्ळूरच्या शिवारात रोप लावण चाललेली. वडगाव-येळ्ळूर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल पडलेला, वरून भुरभुर पाऊस. समोर कुत्रं आलं, मी ब्रेक लावला आणि गाडी घसरली. उजवा हात टेकला आणि खांदा पुढच्या बाजूनं निखळला. दवाखान्यात भूल देऊन बसवला, हात तीन आठवडे झोळीत. इथवर सगळ्यांचं होतं तसंच झालं.

झोळी काढली त्या दिवशी खरी गोष्ट सुरू झाली. हात बाजूनं वर जाईना. बनियन काढून आरशात बघितलं तर खांद्याची गोलाई गेलेली, हाडाचा कोपरा पुढं आलेला, खाली खळगा. आणि डाव्या दंडावर बीसीजीच्या लसीचा वण असतो ना, उजव्या दंडावर बरोबर तेवढ्याच जागेत चिमटा काढला तरी कळत नव्हतं. घराजवळ पडतं म्हणून एका ठिकाणी पंधरा दिवस शेक घेतला, करंट घेतला. एवढ्या दिवसांत एकदाही कुणी 'हात उचला बघू' म्हणून हात लावून बघितलं नाही. विचारलं की 'सूज उतरली की येईल आपोआप' एवढंच. आमच्याकडं मशीनवर चढवायच्या आधी जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मोजतात. तिथं माझा जॉब न मोजताच मशीनवर चढला होता.

मग हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पहिल्यांदा तो बधिर पट्टा पेनानं आखला आणि नसेचं नाव सांगितलं, अ‍ॅक्सिलरी नर्व्ह. दंडाच्या हाडाच्या मानेला वळसा घालून ती डेल्टॉइडमध्ये जाते. खांद्याचा गोळा पुढं निसटला की ती ताणली जाते. चाळिशीनंतर खांदा निखळला की स्नायूच्या दोऱ्या तुटल्यात का ते बघावंच लागतं, म्हणून एमआरआय केला. दोऱ्या शाबूत होत्या. सुया टोचून नसेची तपासणीही झाली. नस ताणलीय, पुरती तुटल्यासारखी वाटत नाही, वाट बघू, असं ठरलं. नस नव्यानं वाढते तेव्हा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते म्हणाले. मशीनवर हत्यार पुढं सरकतं त्याला आम्ही फीड म्हणतो; इतका हळू फीड मी जन्मात बघितला नव्हता.

फिजिओथेरपीच्या खोलीत चार पलंग होते, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी, छताला कप्प्या आणि एक मोठा आरसा. माझ्या वाट्याला आलेल्या मॅडम बैलहोंगलकडच्या. मराठी समजायची, बोलायला लागल्या की मध्येच कन्नड यायचं. मला दोन्ही सारखंच. त्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, "बलगै?" उजवा हात. कन्नडमध्ये 'बल' म्हणजे उजवं आणि 'बल' म्हणजे ताकदही. बलगैचंच बल गेलं म्हणालो तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग आधी एडगै बघू, काका."

चांगला हात आधी, हे मला पटलं. मास्टर पीसवर, म्हणजे माप पक्कं ठाऊक असलेल्या तुकड्यावर, शून्य केल्याशिवाय डायल लावायचा नसतो. स्टुलावर बसवलं, डावा हात बाजूनं खांद्याच्या रेषेपर्यंत वर, कोपर सरळ, तळवा जमिनीकडं. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आला, दुसरा कोपराच्या जरा वर दंडावर. "हिडीरि," म्हणाल्या, "बिडब्याड्रि." धरा, सोडू नका. आणि खाली दाबायला लागल्या. झटका नाही. दोन-तीन सेकंदांत भार चढत गेला. त्या चवड्यांवर आल्या तरी माझा हात हलला नाही. "हे तुमचं पाच."

खांद्यावरचा तो दुसरा हात कशाला, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. तो क्लॅम्प. जॉब फिक्स्चरमध्ये घट्ट बसला नसेल तर माप जॉबचं येत नाही, हलण्याचं येतं.

मग उजवा. मी जोर लावला आणि हात आला की! वीसेक अंश, पण आला. मी खूश. त्यांनी दोन बोटं खांद्याच्या हाडाखालच्या त्या खळग्यात ठेवली आणि परत उचलायला लावलं. परत. तिसऱ्यांदा. डोळे मिटून बघत होत्या. बोटांनी बघत होत्या म्हणायला हवं. मग फाईलमध्ये लिहिलं, मिडल डेल्टॉइड, ०.

"अहो, हात हलतोय आणि शून्य?"

"हात हलतोय, काका. पण मी हात नाही, स्नायू तपासतेय."

हात वर येत होता तो आत खोल असलेल्या दुसऱ्या एका स्नायूनं, सुप्रास्पायनेटसनं. त्याची नस वेगळी, ती शाबूत. शिवाय मी काय काय करत होतो ते त्यांनी आरशासमोर बसवून दाखवलं. खांदा कानाकडं चढवत होतो. धड डावीकडं कलवत होतो, म्हणजे हात आहे तिथंच आणि अंग वाकल्यामुळं उचलल्यासारखा दिसतोय. आणि तळवा हळूच वर फिरवत होतो. तळवा वर आला, दंड बाहेर फिरला, की बायसेप्स पुढं येऊन उचलायला मदत करतो. यातलं एकही मी ठरवून केलेलं नव्हतं. शरीरानं आपली आपण वाट काढली होती. शॉपमध्ये एखादा ऑपरेटर गेज जोरानं दाबून आत घालतो आणि 'बसला की साहेब' म्हणतो, तसला प्रकार. आणि ती चोरी मीच माझ्याशी करत होतो.

बाकीचे स्नायूही त्या दिवशी झाले. खांदे उडवून बघितले, भिंतीला दोन्ही तळवे लावून ढकलताना पाठीचं फरं उचकटतंय का ते बघितलं, पालथं झोपवून हात मागं उचलायला लावला. ते बरं निघालं. एक मात्र लक्षात राहिलं. पालथा झोपलेला, दंड पलंगाच्या काठावर आडवा, कोपरापासून पुढचा हात खाली लोंबता, आणि तो वर फिरवायचा. तिथं थोडं कमी होतं. डेल्टॉइडच्याच नसेवर टेरेस मायनर नावाचा एक छोटा स्नायू आहे, त्याचा तो वाटा. शेजारचा मोठा इन्फ्रास्पायनेटस वेगळ्या नसेवरचा असल्यानं फार बिघडलं नव्हतं. म्हणजे नुसत्या हातानं, वेगवेगळ्या तऱ्हेनं बसवून-झोपवून, कुठली नस गेली आणि कुठली नाही याचा नकाशाच निघत होता. त्या संध्याकाळी घरी मी 'नुसत्या हातानं' म्हणायचं बंद केलं.

० ते ५ ची ही मोजपट्टी कुठून आली ते मी एकदा मॅडमना विचारलं, त्यांनी त्यांच्या सरांना विचारून सांगितलं. पोलिओतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये लोव्हेट नावाचे हाडांचे डॉक्टर पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय तपासत, तेव्हा ताकद ठरवायला पृथ्वीच्या ओढीचाच आधार घ्यायची रीत बसली. पुढं दुसऱ्या महायुद्धात नसा तुटलेले सैनिक येऊ लागले आणि १९४३ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं ० ते ५ चे आकडे छापले, तेच आजही चालतात. आमच्या वर्गात पोलिओ झालेला एक पोरगा होता, पायाला लोखंडी पट्ट्या बांधून यायचा. त्याच्याही फाईलीत कुठंतरी हेच आकडे असणार, असं वाटून गेलं.

तर आकडे असे. ० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे हाड हलत नाही, पण बोटाखाली स्नायू आवळल्याचं कळतं. २ म्हणजे हात आडवा ठेवून, वजनाचा भार काढून टाकला, तर पूर्ण फिरतो. ३ म्हणजे स्वतःचं वजन उचलून पूर्ण वर जातो, वरून कुणी दाबायचं नाही. ४ म्हणजे बेताचं दाबलं तर टिकतो. ५ म्हणजे भरपूर दाबलं तरी टिकतो.

हे ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख पडलं, १, २, ३ म्हणजे गो-नो गो गेज! प्लग गेजला आकडा नसतो. एक टोक आत जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये, संपलं. इथं गेज म्हणजे पृथ्वीची ओढ, ती बेळगावात काय आणि बोस्टनमध्ये काय, सारखीच. सबंध हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के. माझं ७० किलो, म्हणजे साडेतीन किलोचा गेज माझ्याच खांद्याला लटकलेला, जन्मापासून कॅलिब्रेट केलेला. तो उचलला तर ३, नाही तर २ किंवा त्याखाली. वाद घालायला जागाच नाही. पुढची भानगड ४ मध्ये आहे, ती सांगतोच.

गणपती आले. दरवर्षी मूर्ती मी आणतो, त्या वर्षी धाकट्या भावानं आणली. आई म्हणाली, "एक वरीस त्यानं आणला तर काय देव रागावतोय होय? हात कुठं पळून जातोय?" हात पळून गेला नव्हता, पण होता तिथंही नव्हता. मॅडमकडं आठवड्यातून तीन फेऱ्या. दर पंधरवड्याला बोटं खळग्यात ठेवून तीच तपासणी, आणि फाईलीत तेच शून्य.

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार होता. बोटं ठेवली, "एत्तरि, काका," म्हणाल्या. मी मनातल्या मनात उचललं. बाहेर काही दिसलं नसणार. त्या थांबल्या. "मत्तोम्मे." परत एकदा. मग माझा डावा हात धरून माझीच दोन बोटं त्या जागी ठेवली. मी उचलायचं मनात आणलं आणि बोटाखाली कातडीच्या आत काहीतरी सूतभर ताठलं आणि गेलं. डायलचा काटा एका रेघेनं हलून परत यावा, तेवढंच. एरवी मी ते माप धरलंही नसतं, टेबल हादरलं असेल म्हणून सोडून दिलं असतं. सात-आठ वेळा उचलून बघितलं. पाच वेळा आलं, मग स्नायू दमला आणि येईना. "साकु, साकु," त्या म्हणाल्या. पुरे. फाईलीत १.

त्या दिवशी येताना मी खडेबाजारातून अर्धा किलो कुंदा घेतला. बायको म्हणाली, "शंभरात किती म्हणायचं हे?" पाचात एक. ती म्हणाली, "मग एवढा कुंदा कशाला आणला?" पण खाल्ला सगळ्यांनी.

२ ची तपासणी उताणं झोपून. हात पलंगावरच, बाजूनं बाहेर सरकवायचा, सबंध. चादरीला घासून हात अडतो, म्हणून खाली गुळगुळीत पत्रा आणि त्यावर टाल्कम पावडर. घर्षणही मोजमापात येऊ नये याची ही काळजी बघून मला त्या पोरीबद्दल आदरच वाटला. दिवाळीच्या आधी हात अर्ध्यात थांबायचा, त्याला २ वजा लिहायच्या. दिवाळीनंतर पूर्ण गेला. तुळशीच्या लग्नाला मी डाव्या हातानं उजवा हात धरून अक्षता टाकल्या, ते वेगळं.

२ वरून ३ ला जायला संक्रांत आली. आडवं सरकवणं आणि बसून उचलणं यात किती अंतर आहे ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. आकड्यात एकाचा फरक, हातात साडेतीन किलोचा. ज्या दिवशी हात खांद्याच्या रेषेला जाऊन थांबला, तळवा जमिनीकडं, धड सरळ, खांदा खाली, त्या दिवशी मी आरशात बघितलं तर मी श्वास रोखून धरला होता आणि मॅडमनीही.

मार्चमध्ये त्यांनी वरून दाबायला सुरुवात केली आणि फाईलीत ४ आलं. एप्रिलला ४. मेमध्ये ४. आता माझ्यातला इन्स्पेक्टर उठून बसला. कारण मार्चमध्ये मला गाडीचा आरसा नीट करताना हात थरथरायचा आणि मेमध्ये मी माळ्यावरचा तांदळाचा डबा उतरवत होतो. तरी आकडा तोच? शिवाय मेमध्ये मॅडम गावी गेल्या असताना दुसऱ्या एका सरांनी तपासलं. तालमीत जाणारा माणूस, मनगट माझ्या पोटरीएवढं. त्यांनी दाबलं आणि माझा हात सरळ खाली. त्यांनी लिहिलं ४ वजा. पुढच्या आठवड्यात मॅडम परत आल्या, त्यांनी लिहिलं ४ अधिक.

एकच जॉब, दोन इन्स्पेक्टर, दोन मापं. आमच्याकडं याला गेज आर अँड आर काढणं म्हणतात. तोच जॉब तीन माणसांनी तीन-तीनदा मोजायचा आणि चूक जॉबात किती, मोजणाऱ्यात किती ते बघायचं. मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं, राग येईल. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. ३ पर्यंत गुरुत्वाकर्षण मोजतं, पुढं माझा हात मोजतो." मग समजावलं की ४ हे घर सगळ्यात मोठं आहे. स्वतःच्या वजनापेक्षा एखादा किलो जास्त पेलतो तोही ४, आणि चांगल्या हाताच्या जरा मागं आहे तोही ४. अधिक-वजा लावून त्यात खोल्या पाडतात, पण भिंती मातीच्याच. म्हणूनच तपासणारा शक्यतो एकच ठेवायचा, दिवसाची वेळ तीच, दमलेला असताना घ्यायचं नाही आणि दाबायची जागा बदलायची नाही.

जागेचं मला न सांगता कळलं. कोपराच्या वर दाबलं तर एक, मनगटाजवळ दाबलं तर त्याच जोरात दुप्पट भारी. पाना लांब केला की बोल्ट सैल होतो, तेच. त्या सरांनी कुठं दाबलं होतं ते मी आठवून बघितलं. कोपराच्या खाली. मॅडम काही बोलल्या नाहीत. पेन घेतलं आणि माझ्या दंडावर बाहेरच्या बाजूनं, कोपरापासून दोन बोटं वर, एक फुली मारली. "इथंच. कुणीही तपासलं तरी." आमच्या भाषेत डेटम, सगळी मापं जिथून घ्यायची ती ठरलेली जागा.

मग कपाट उघडून एक यंत्र काढलं, तळहातात मावणारं. दाबणाऱ्याचा हात आणि माझा दंड यांच्या मध्ये ते धरायचं, किती किलोनं दाबलं ते पडद्यावर येतं. डायनॅमोमीटर. रोज का वापरत नाही विचारलं तर म्हणाल्या, सगळ्या खात्यात एकच आहे, आणि १ आणि २ च्या पेशंटला त्याचा काय उपयोग? बोटाखालचं सूतभर ताठणं त्याला कळत नाही. फुलीवर लावून तीनदा घेतलं. डावा १९ किलो, उजवा ११. मार्चअखेर कुणाला न सांगता त्यांनी एकदा घेऊन ठेवलं होतं, फाईलीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं. उजवा, ७.

सात आणि अकरा. दोन्ही ४. मी बराच वेळ त्या पानाकडं बघत बसलो.

आता महिन्यातून एक फेरी असते. जूनचं पहिलं पाणी झालं, येळ्ळुरात तरवे टाकलेत. फुली अंघोळीनं पुसट होत जाते. बायकोनं पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, "हे काय गोंदवून आलाय?" सांगितलं, दाबायची जागा. ती म्हणाली, "मला विचारायचं की, फुलीशिवाय सापडली असती." पुढच्या तारखेच्या आदल्या रात्री बघतो तर फुली दिसेनाशीच झालेली. कारखान्याच्या शर्टाच्या खिशात मार्कर होता, डाव्या हातानंच, अंदाज न घेता, कोपरापासून दोन बोटं मोजून, फुली परत गिरवली.

सकाळी मॅडमनी बाही वर केली आणि विचारलं, "पिवळी का, काका?"

हिरवा मार्कर टेबलावरच राहिला होता. आमच्याकडं हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार. पिवळा म्हणजे रीवर्क, परत मशीनवर.

"राहू दे," म्हणालो, "बरोबरच आहे."

"हिडीरि," त्या म्हणाल्या आणि दाबायला लागल्या.